न आलेल्यांची यादी

दिवाळी नुकतीच सरली होती. नाशिकरोडच्या माझ्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या आणि फराळाने पोट बिघडलेल्या रुग्णांची सकाळची रांग संपली होती. मी जेवायला उठणार, एवढ्यात दूरध्वनी वाजला. पलीकडे स्वच्छ मराठी बोलणाऱ्या एक वयस्क बाई होत्या.

“नमस्कार डॉक्टर. मी ठाण्याची. तुमच्या पेशंट आहेत ना, जेलरोडच्या मावशी, त्यांच्या घरून बोलतेय. त्या शेजारीच बसल्यात, त्यांना विचारूनच फोन लावलाय. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या औषधांचा खर्च आमची संस्था करणार आहे. पण पाकिटं मोजली तर हिशेब जुळत नाही. महिन्याच्या गोळ्या त्यांना दोन महिने पुरल्यात. आता एकदम सगळ्या गोळ्या रोज सुरू झाल्या, तर त्यांना सोसतील का?”

मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत परत बसलो.

या मावशींना मी सहा वर्षे तपासत होतो. वय सत्त्याहत्तर, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही जुने. पती सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या मागे दरमहा हजारभर रुपयांचे निवृत्तिवेतन आणि दोन भाड्याच्या खोल्या एवढेच उरले होते. एकुलती मुलगी लग्नानंतर इस्राएलला गेलेली. मावशी महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल समाजाच्या, म्हणजे आपल्या मराठी ज्यू समाजाच्या. नऊवारी नेसणाऱ्या आईच्या आठवणी सांगत. भाषा, वागणे, विनोद सगळे अलिबागकडचे. दवाखान्यात येताना नेहमी इस्त्रीची साडी, आणि “कशा आहात?” असे विचारले की उत्तर ठरलेले: “छान आहे की, डॉक्टर.”

त्या छान नव्हत्या. रक्तदाब दर वेळी चढाच लागे, साखरही. मी मिठाबद्दल बोलत असे, चालण्याबद्दल बोलत असे, आणि शेवटी गोळीची मात्रा वाढवून देत असे. वर्षभरात दोनदा वाढवली होती. त्या गोळ्या पोटात किती जातात, हे मी एकदाही विचारले नव्हते. औषध लिहून दिले म्हणजे ते घेतले जाते, असे मी धरून चाललो होतो. मावशी मात्र एक दिवसाआड गोळी घेत होत्या, कारण रोज घेतली तर घरभाडे भागत नव्हते. हे मला सांगायची त्यांना लाज वाटत होती, आणि माझ्या प्रश्नांत ते सांगायला जागाही नव्हती.

आता त्याच वाढवलेल्या गोळ्या फुकट मिळाल्या असत्या, तर शिस्तीच्या मावशींनी त्या निमूटपणे रोज घेतल्या असत्या. पहाटे उठून उभ्या राहताना रक्तदाब घसरला असता, किंवा रात्री साखर एकदम उतरली असती. एकट्या राहणाऱ्या, हाडे ठिसूळ झालेल्या बाईचे न्हाणीघरात पडणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. मदतीनेच घात झाला असता, आणि त्याचे मूळ माझ्या चिठ्ठीत असते.

“तुम्ही दोघीही आत्ताच्या आत्ता दवाखान्यात या,” एवढेच मी म्हणालो.

त्या दुपारी मी मावशींची मात्रा पहिल्यापासून नव्याने ठरवली. दोन गोळ्या कमी केल्या, एक बदलून स्वस्त पर्याय दिला, आणि पंधरा दिवस दर तीन दिवसांनी दाब व साखर तपासायचे ठरले. मावशी सगळा वेळ खाली मान घालून बसल्या होत्या. मी त्यांची क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमचा काय दोष, डॉक्टर? मीच बोलले नाही.” ते वाक्य माझ्या पक्षातले होते, पण त्याने मला बरे वाटले नाही.

ठाण्याच्या बाईंची गाडी संध्याकाळची होती. हाताशी वेळ होता, म्हणून मी त्यांना चहा घेऊन थांबवले आणि मनातला प्रश्न विचारला. मावशी कुणापाशी हात पसरणाऱ्या नव्हेत. मुलीलाही त्यांनी पैशाची अडचण कळू दिली नव्हती. मग तुम्हाला हे कळले कसे?

बाई हसल्या. बँकेत पस्तीस वर्षे नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि हिशेबाची सवय बोलण्यात होती. म्हणाल्या, “मावशी दर वर्षी नव्या वर्षाच्या सणाला टेंभी नाक्याच्या आमच्या सिनेगॉगमध्ये येतात. यंदा आल्या नाहीत. दारफाळणीच्या सणालाही नाहीत. आम्ही सणाला आलेल्यांची नावं लिहीत नाही, डॉक्टर. न आलेल्यांची लिहितो. मग एकेकाला फोन करतो. मावशींनी फोनवर ‘छान आहे’ म्हटलं. सणाला न येणारं माणूस छान कसं असेल? म्हणून सकाळच्या तपोवनने आले.”

न आलेल्यांची यादी. हे तीन शब्द त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेले नाहीत.

ठाण्याचे ते सिनेगॉग, ‘शआर हाशामाईम’, १८७९ सालचे आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘स्वर्गाचे दार’. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले. कोकणातल्या गावांत ते तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून त्यांची आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, किहीमकर. पुढे हे लोक मुंबई-ठाण्यात आले आणि लष्कर, रेल्वे, टपाल, रुग्णालये अशा ठिकाणी नोकऱ्या करू लागले. कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या आणि १९६६ साली पद्मश्रीने गौरवल्या गेलेल्या डॉ. जेरूशा झिराड याच समाजातल्या. माझ्या पिढीच्या डॉक्टरांना स्त्रीरोगशास्त्र शिकवणाऱ्या अनेक बाईंच्या तोंडून आम्ही ते नाव आदराने ऐकले आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास हा समाज वीस हजारांच्या आसपास होता. इस्राएलची स्थापना १९४८ साली झाली आणि पुढच्या दशकांत बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. आज साऱ्या भारतात मिळून ज्यू समाज चार-पाच हजारांच्या घरात आहे, आणि त्यातले बहुतेक जण महाराष्ट्रात आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तरुण जातात आणि वृद्ध मागे राहतात, ही गोष्ट या समाजाने आपल्या आधी पन्नास वर्षे अनुभवली. आज नाशिकच्या गंगापूर रोडवर, पुण्याच्या कोथरूडमध्ये किंवा साताऱ्याच्या एखाद्या आळीत, जिथे म्हणून मुले परदेशी आणि आईवडील इथे अशी घरे आहेत, तिथे तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते आहे. म्हणूनच हा लहानसा समाज आपल्या वृद्धांना कसा सांभाळतो, हे मला जाणून घ्यावेसे वाटले.

त्यामागे पैसा आहे, हे खरे. ‘जॉइंट’ या नावाने ओळखली जाणारी एक ज्यू मदत संस्था १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. अनेक देशांतल्या गरजू ज्यूंना मदत करणारी ही संस्था भारतातही कित्येक दशके काम करते आहे. निराधार वृद्धांना दरमहा थोडी रक्कम, औषधोपचार आणि सणावाराचे साहित्य ती पुरवते. मुंबईत ‘एव्हलिन पीटर्स ज्यू कम्युनिटी सेंटर’ या केंद्रात सर्व वयाची माणसे एकत्र येतात. एकट्या पडलेल्या वृद्धांसाठी ‘बायिती’ नावाचे निवासगृहही आहे, आणि त्या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘माझे घर’ असा आहे. पण पैसा योग्य दाराशी पोहोचवायला पायपीट करणारे माणूस लागते, आणि ते काम ठाण्याच्या बाईंसारख्या समाजातल्याच स्त्री-पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिले आहे.

ज्यू दातृत्वाचे एक नाव तर माझ्या आयुष्यात रोजचे होते, आणि तरीही मी त्याच्याकडे कधी पाहिले नव्हते. मी पुण्याच्या बी. जे. मेडिकलचा विद्यार्थी. उमेदवारीची रात्रंदिवसाची पाळी ‘ससून’मध्ये काढली. ससून म्हणजे गर्दी, ससून म्हणजे खाटांमधल्या सतरंज्या, एवढाच आमचा अर्थ. डेव्हिड ससून हे बगदादहून १८३२ साली मुंबईत आलेले ज्यू व्यापारी. ते बेने इस्राएल नव्हेत. बगदादी ज्यूंचा समाज निराळा. १८६४ साली ते पुण्यात वारले, आणि लष्कर भागातल्या लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. १८६७ साली सुरू झालेल्या ससून रुग्णालयाला त्यांच्या देणगीचा आधार होता. त्याच १८६० च्या दशकात त्यांच्या नावाने पुण्यात अनाथ आणि पंगू लोकांसाठी एक आसरा उभा राहिला. ‘डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह’ हे त्याचे नाव, आणि आज नवी पेठेतला ‘निवारा’ वृद्धाश्रम म्हणून सारे पुणे त्याला ओळखते. तिथे राहणाऱ्या आजी-आजोबांची जात-धर्म त्या घराने विचारली नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ एका ज्यू दात्याच्या नावाच्या छपराखाली प्रामुख्याने मराठी हिंदू वृद्ध विसावले आहेत, ही गोष्ट मला वयाच्या पन्नाशीनंतर कळावी, याचे माझे मलाच नवल वाटते.

बाईंनी मला एक शब्द सांगितला: त्सेदाका. आपण त्याला दान म्हणू, पण त्या शब्दाचे मूळ ‘न्याय’ या अर्थाच्या शब्दात आहे. गरजवंताला देणे हा देणाऱ्याचा मोठेपणा मानला जात नाही, ते त्याचे देणेच असते. या विषयावर सर्वांत नेमके लिहिणारा माणूस एक वैद्य होता, हे कळल्यावर माझे कुतूहल वाढले. मोझेस मायमोनिडीज हा बाराव्या शतकातला ज्यू पंडित. जन्म स्पेनमधल्या कॉर्डोबाचा, आणि वैद्यकी इजिप्तमध्ये, सुलतान सलाउद्दीनच्या दरबारी मंडळींची. त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. नाखुशीने देणे ही सर्वांत खालची. मागितल्यावर देणे वरची, न मागता देणे त्याहून वरची. देणारा आणि घेणारा यांना एकमेकांचा पत्ताही न लागणे ही जवळजवळ शिखरावरची. आणि सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला असा हात देणे की त्याला पुन्हा मागावे लागू नये: कर्ज, भागीदारी किंवा काम.

‘न मागता देणे’ यासाठी आधी गरज दिसावी लागते. न आलेल्यांची यादी त्याचसाठी असते.

त्याच परंपरेत आजाऱ्याला भेटायला जाणे हेही मोठे कर्तव्य मानले आहे, आणि त्याचे नियम वाचून तर मी थक्क झालो. प्राचीन ज्यू धर्मशास्त्राच्या चर्चेत असे सांगितले आहे की, दिवसाच्या पहिल्या तीन तासांत आणि शेवटच्या तीन तासांत रुग्णाच्या भेटीला जाऊ नये. सकाळी रुग्णाला बरे वाटत असते, त्यामुळे भेटणारा निर्धास्त होतो. संध्याकाळी तो थकलेला असतो, त्यामुळे भेटणारा आशा सोडतो. दोन्ही वेळी त्याच्या हातून रुग्णासाठी प्रार्थना व्हायची राहते. सकाळी ताप उतरतो आणि संध्याकाळी चढतो, हे प्रत्येक घरच्या अनुभवाचे आहे. ज्यांनी हा नियम केला त्यांनी किती रुग्णांच्या उशाशी बसून तो केला असेल! आणि तेथेच असेही म्हटले आहे की, भेटीला येणारा रुग्णाच्या दुखण्याचा साठावा हिस्सा आपल्याबरोबर घेऊन जातो. माझ्या औषधालयात असा साठावा हिस्सा खात्रीने कमी करणारी कोणतीही पुडी नाही.

मावशींची पुढची कसोटी त्यानंतरच्या वर्षी आली. दारफाळणीचा सण, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, हा पंचवीस तासांचा निर्जळी उपवास असतो. मावशींनी तो लहानपणापासून मोडला नव्हता. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मी पाणीही वर्ज्य कसे करू देणार? मी घाबरतच विषय काढला, तर मावशींनी पदरातून घडी केलेला कागद पुढे केला. ठाण्याच्या बाईंनी लिहून दिले होते की, जिवाला धोका असेल तेव्हा उपवास मोडणे हाच धर्म आहे, आणि धोका आहे की नाही हे वैद्याने सांगायचे आहे. “आता तुम्ही सांगाल तसं,” मावशी म्हणाल्या. मी चमच्या-चमच्याने पाणी, ठरावीक वेळी थोडे खाणे आणि गोळ्यांच्या बदललेल्या वेळा लिहून दिल्या. त्या दिवसापासून निर्जळा एकादशीला गोळ्या बंद ठेवणाऱ्या माझ्या रुग्णांशी मी अधिक मोकळेपणाने बोलू लागलो आहे. वाचकहो, तुमचा जो कोणता उपवास असेल, तो धरण्याआधी डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेऊन उपाशी राहणे आणि गोळ्या आपल्याच मनाने बंद करणे, दोन्ही घातक आहे.

आता मला थोडे माझ्या घरचे सांगायला हवे.

मावशी आणि ठाण्याच्या बाई त्या दुपारी दवाखान्यातून गेल्या, आणि येणाऱ्या रविवारी मी सिन्नरला गेलो. तिथे माझे वडील, अण्णा, एकटे राहतात. आई गेल्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. नाशिकला यायला ते तयार नव्हते, आणि अर्ध्या-पाऊण तासाचे तर अंतर आहे, अशी मी मनाची समजूत घातली होती. रोज रात्री मी त्यांना फोन करत असे. “गोळी घेतली का?” “घेतली.” “बरे आहे ना?” “बरे आहे.” दीड मिनिटात फोन संपे. डॉक्टर मुलगा रोज चौकशी करतो, याचे अण्णांना आणि मलाही समाधान होते.

मी गेल्या गेल्या गोळ्यांची पाकिटे मोजली. हिशेब चोख होता. अण्णा शिक्षक होते, त्यांचे हिशेब चुकत नाहीत. मग मी स्वयंपाकघरात गेलो. डबेवाल्या बाई सकाळचा डबा देत, रात्रीसाठीही त्यातलेच ठेवत. फ्रिजमध्ये तीन दिवसांच्या पोळ्या आणि भाज्या जशाच्या तशा होत्या. अण्णा रात्री चहा आणि खारी खात होते. किती दिवस? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “तुझी आई गेल्यापासून, बहुतेक. एकट्याला ताट वाढून घ्यावंसं वाटत नाही रे.” वजन सात किलोंनी उतरले होते. सदरा ढिला दिसला तेव्हा मी वयाला बोल लावला होता.

“मला सांगितलं का नाही, अण्णा?”

“तू गोळीचं विचारत होतास. गोळी तर मी घेतच होतो.”

त्या रात्री आम्ही दोघांनी ताटे वाढून घेतली. मला घास उतरत नव्हता. मी रोज फोन केला होता, तीन वर्षे, आणि अण्णा माझ्या घरातल्या न आलेल्यांच्या यादीत होते.

ज्यू संस्थांचे हे काम त्यांच्या समाजापुरतेच असते का, असे कुणी विचारील. ‘निवारा’ त्याचे जुने उत्तर आहे. अलीकडचे उत्तर आपल्या नाशिकपासून फार दूर नाही. ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ ही ज्यू स्वयंसेवी संस्था २०१२ साली सुरू झाली. ठाण्याजवळच्या कळव्याच्या झोपडवस्त्यांत, शिकायला येणाऱ्या मुलांना गरम जेवण मिळावे म्हणून तिने काम सुरू केले, आणि ते जेवण वस्तीतल्याच बायका रांधू लागल्या. म्हणजे मुलांना अन्न आणि आयांना कमाई. मायमोनिडीजची सर्वांत वरची पायरी ती हीच. पुढे ही संस्था पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांतही गेली. त्र्यंबकेश्वर ओलांडून जव्हारच्या रस्त्याला लागले की मोखाडा येते. आपण नाशिककर पावसाळ्यात त्या रस्त्याने धबधबे पाहायला जातो.

आपल्याकडे माणसे आहेत, मने आहेत, मंदिरे, मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघही गल्लोगल्ली आहेत. नाशिकच्या संघांच्या सकाळच्या बैठकांना मी व्याख्यानासाठी जातो, तेव्हा हजेरीपट फिरतो. आलेल्यांच्या सह्या होतात आणि पट कपाटात जातो. आता मी व्याख्यान सुरू करण्याआधी एक विनंती करतो: गेल्या महिन्यात येत होते आणि आज आले नाहीत, अशी पाच नावे कागदावर लिहा, आणि प्रत्येक नावापुढे जो भेटायला जाणार आहे त्याचे नाव लिहा. काही ठिकाणी हा कागद तसाच राहिला. दोन संघांत मात्र तो दर महिन्याला निघतो. त्यातून एका आजोबांचे पायाचे चिघळलेले बोट वेळेवर सापडले, आणि एका आजींचा केवळ चष्मा फुटला होता म्हणून त्या घराबाहेर पडत नव्हत्या, हे कळले.

वृद्धांची काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना आणि शेजाऱ्यांना माझे सांगणे थोडकेच आहे. “बरे आहे ना?” हा प्रश्न सोडून द्या, त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. “काल रात्री काय जेवलात?” असे विचारा. “आज कुणाशी बोललात?” “रात्री किती वेळा उठलात?” “शेवटचं बाहेर कधी गेला होतात?” असे विचारा. महिन्यातून एकदा गोळ्यांची पाकिटे मोजा. उरलेल्या गोळ्या सापडल्या तर रागावू नका आणि त्या एकदम सुरूही करू नका, आधी डॉक्टरांना कळवा. पैशाची अडचण असेल तर तीही कळवा, बहुतेक औषधांना स्वस्त पर्याय असतात, आणि जनऔषधी केंद्रांत ते मिळतात. फ्रिज उघडा. चपलेचा तळवा आणि पायांची बोटे पाहा. भेटीला जाल तेव्हा दुपारच्या शांत वेळी जा, बसा, आणि घड्याळ पाहू नका. दूर असाल आणि पोहोचणे शक्य नसेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तो क्रमांक घरच्यांना मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

आणि वृद्ध वाचकांना एक विनंती. “छान आहे,” म्हणणे हा तुमचा स्वाभिमान आहे, मी त्याचा आदर करतो. पण डॉक्टरांसमोर तो चपलांबरोबर बाहेर ठेवून या.

मावशी आज एक्क्याऐंशीच्या आहेत. दाब आणि साखर ताळ्यावर आहे. मुलीला सगळे सांगितले आहे, आणि ती रोज कॅमेऱ्यावर आईचे ताट पाहते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पार पडल्यावर मावशींनी घरी मलिदा केला, आणि पोहे, खोबरे, फळे असा प्रसाद माझ्यासाठी डब्यातून आणला. त्यातला गोडवा पाहून मी भुवया उंचावल्या, तेव्हा म्हणाल्या, “हा तुमच्यासाठी आहे. मी एकच चमचा घेतलाय.”

गेल्या महिन्यात त्या तपासणीला आल्या, तेव्हा मध्येच त्यांचा फोन वाजला. बोलणे संपवून त्या म्हणाल्या, “माफ करा डॉक्टर. देवळालीचे एक आजोबा आणि इगतपुरीच्या एक बाई, ही दोन नावं आता माझ्याकडे दिलीयत. दर बुधवारी फोन करायचा. आज आजोबांनी उचलला नव्हता, म्हणून मघाशी परत लावून ठेवला होता.”

“काय म्हणतात आजोबा?”

“छान आहे म्हणाले,” मावशी पिशवी उचलत म्हणाल्या. “म्हणून उद्या जाऊन येते.”